वारा, पाणी आणि वसतिस्थान

'फेंग शुई' हे शब्द आजकाल आपल्या शहरांतून ऐकूं येतात ते बहुधा दुकानांत. हंसणारा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, लाल फितीनें बांधलेलीं नाणीं यांची विक्री या नांवाखालीं होते. परंतु चिनी भाषेंत 'फेंग' म्हणजे वारा व 'शुई' म्हणजे पाणी. आणि मूळ प्रश्न घरांत काय ठेवावें हा नसून घर, अथवा थडगें, कोठें बांधावें हा आहे.

गुओ पू (इ. स. २७६–३२४) या पंडिताच्या नांवावर मोडणाऱ्या दफनविषयक ग्रंथांत असें प्रतिपादन आहे कीं, भूमींतील 'छी', म्हणजे प्राणशक्ति, वाऱ्यानें उधळते व पाण्यापाशीं थांबते. यास्तव पाठीशीं डोंगर, दोहों बाजूंस टेकड्या व पुढें वळसा घेऊन वाहणारें पाणी, अशी जागा उत्तम. ही प्राणशक्ति कोणास मोजतां येईल, असें मला वाटत नाहीं. परंतु उत्तर चीनमध्यें हिंवाळ्यांत सैबेरियाकडून बोचरे वारे येतात आणि ऊन दक्षिणेकडून मिळतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे नियमाचें मर्म कळतें. बीजिंगच्या जुन्या चौकाच्या घरांत मुख्य दालन उत्तरेस असून त्याचें तोंड दक्षिणेस असतें. १४२० सालीं पुरा झालेल्या तेथील राजवाड्याच्या पाठीशीं डोंगर नव्हता. तेव्हां खंदकाची माती रचून तो उभा करण्यांत आला!

हाच नियम कोणी कोंकणांत घोकून आणील, तर नैर्ऋत्येचा पाऊस त्याच्या ओटीवर झड घालील. पुढें चिनी पंडितांनीं होकायंत्राभोंवतीं वर्तुळांवर वर्तुळें आंखलीं, तेथून शास्त्रापेक्षां पाठांतर वाढलें, असें माझें मत आहे.

मला अधिक मोलाची वाटते ती दक्षिण चीनमधील चाल. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीज भागांत जुन्या गांवांमागें बहुधा अर्धचंद्राकृति राई राखलेली असते. तींतील झाड तोडल्यास गांवाचें दैव फिरेल, या समजुतीनें तीस कुऱ्हाड लागत नसे. आपल्या सह्याद्रींतील देवराईची येथें आठवण होते. राईमुळें उतारावरची माती पावसांत घरांवर येत नाहीं, वादळाचा जोर मोडतो, उन्हाळ्यांत गारवा मिळतो. कडेच्या लिचीचीं फळें व बांबू उपयोगीं पडतात तें निराळेंच. डोंगर फोडून बांधलेल्या इमारतींत बेडूक कोणत्या कोपऱ्यांत ठेवावा, असें विचारणाऱ्या गृहस्थांस मी प्रथम मागच्या उतारावर झाडें किती उरलीं तें विचारतों. सरपणासाठीं हाँगकाँगचे डोंगर बोडके झाले तेव्हांहि या राया उभ्या राहिल्या, आणि त्या प्रदेशांतील मूळच्या वृक्षांचा अभ्यास करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आज त्यांतूनच हिंडतात.