पिप, स्क्वीक आणि विल्फ्रेड

लंडनच्या 'डेली मिरर' दैनिकात १९१९ साली मुलांसाठी एक चित्रमालिका सुरू झाली. पिप नावाचा कुत्रा, स्क्वीक ही पेंग्विन पक्षीण आणि विल्फ्रेड हे सशाचे पिल्लू, अशा तीन अनाथ जीवांनी थाटलेला तो संसार. (रक्ताचे नाते नसता जुळलेले घर म्हणजे काय, हे जहाजी पूर्वजांच्या संततीस निराळे सांगावयास नको.) बर्ट्रम लॅम्ब लिहीत, ए. बी. पेन चित्रे काढीत. विल्फ्रेडला 'गग' आणि 'नंक' एवढेच बोबडे बोल येत. तरी १९२७ मध्ये त्याच्या नावाने निघालेल्या बालसंघात हजारो मुले सामील झाली.

त्या दशकात पहिल्या महायुद्धाची पदके वाटली जात होती. १९१४-१५ चा तारा, ब्रिटिश युद्धपदक आणि विजयपदक या त्रयीस सैनिकांनी विनोदाने याच तिघांची नावे दिली. मेसोपोटेमियात लढलेल्या मराठा पलटणींतील शिपायांच्या छातीवरही हीच त्रयी होती.

दुसऱ्या महायुद्धात मालिका थांबली. पुढे ती पुन्हा निघाली, परंतु पूर्वीचे बालवाचक मोठे झाले होते आणि पहिले वैभव परतले नाही. १९५६ मध्ये ती कायमची बंद पडली. पदकांचे संग्राहक मात्र आजही तीच नावे घेतात. त्यांतील मधले 'स्क्वीक' सैनिकांना रौप्याचे मिळाले, साठ लाखांहून अधिक. चिनी, भारतीय, माल्टी अशा मजूर-दलांना तेच पदक कांस्याचे दिले गेले, सुमारे १ लाख १० हजार.