हार्बर लाइनवरचं गोल्फ

कुर्ल्याहून पनवेलची गाडी पकडली की पहिलं स्टेशन टिळकनगर, दुसरं चेंबूर. चेंबूरला पूर्वेकडे उतरून डॉ. चोइथराम गिडवानी मार्ग विचारत गेलं की बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचं फाटक लागतं. आत अठरा होलचं मैदान आहे. कुर्ल्यात उभा जन्म काढलेल्या माणसालाही अनेकदा याचा पत्ता नसतो. एलबीएस मार्गाच्या धुळीत आणि नेहरूनगरच्या एसटी डेपोत वावरणाऱ्याला दोन स्टेशनांवर एवढी हिरवळ असेल असं वाटतच नाही. मग अमेरिकेतून आलेला भाचा किंवा चार दिवसांच्या कामासाठी बीकेसीत आलेला पाहुणा ‘इथे गोल्फ कुठे खेळता येईल’ असं विचारतो, तेव्हा आपण त्याला उगाच दक्षिण मुंबईकडे बोट दाखवतो.

चेंबूरला गोल्फ आलं कसं, हे रेल्वेकडे पाहिलं की कळतं. 1896च्या प्लेगनंतर मुंबईने आपला कचरा शहराबाहेर टाकायचं ठरवलं आणि देवनारची दलदल त्यासाठी घेतली. कचरा आगगाडीने जायचा. कुर्ला-चेंबूर हा एकेरी मार्ग 1906 मध्ये झाला आणि 1924 मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1927 मध्ये, प्रेसिडेन्सी क्लब उभा राहिला. स्वस्त, मोकळी जमीन आणि तिथवर जाणारी गाडी, दोन्ही एकाच वेळी हाताशी आली होती. काही ठिकाणी या क्लबचं साल 1827 असं छापलेलं आढळतं. ते मला पटत नाही. ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब म्हणून जग कलकत्त्याच्या रॉयल कलकत्ता क्लबला मानतं, आणि तो 1829चा आहे. 1827 खरं असतं तर हा मान चेंबूरला मिळाला असता. मुंबईचा जुना क्लब वेगळा: रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब, 1842चा. आज त्याचं मैदान उरलेलं नाही.

पाहुण्याला न्यायचं तर काही गोष्टी आधी कराव्या लागतात. चेंबूरचा क्लब सभासदांचा आहे. ओळखीचा सभासद बरोबर हवा, किंवा पाहुण्याच्या स्वतःच्या क्लबचा इथल्या क्लबशी करार हवा. म्हणून निघण्याआधी सेक्रेटरीच्या कचेरीत फोन करावा, हँडिकॅपचं, म्हणजे खेळाच्या पातळीचं, प्रमाणपत्र जवळ ठेवावं, कॉलरचा शर्ट घालावा आणि शनिवार-रविवार टाळावा. महालक्ष्मीजवळच्या विलिंग्डन क्लबचंही असंच आहे. लॉर्ड विलिंग्डन यांनी 1918 मध्ये तो काढला तो गोऱ्यांना आणि हिंदी माणसांना एकत्र बसता-खेळता यावं म्हणून, आणि त्या काळात ही मोठी गोष्ट होती. आज मात्र तिथे सभासदाच्या ओळखीवाचून दार उघडत नाही. कुलाब्याचा युनायटेड सर्व्हिसेस क्लब तर मुळात सैन्यदलांचा.

ज्याची कुणाशीच ओळख नाही त्याने त्याच हार्बर गाडीत बसून राहावं. खाडी ओलांडून वाशी, नेरूळ, बेलापूर आणि मग खारघर. तिथे सेक्टर 22च्या बाजूला, पांडवकड्याच्या डोंगराच्या पायथ्याशी सिडकोने गोल्फ कोर्स बांधला आहे. तो सार्वजनिक आहे. पैसे भरा आणि खेळा, सभासद असण्याची अट नाही. महाराष्ट्रात अशी सोय किती दुर्मीळ आहे हे खेळणाऱ्यालाच ठाऊक. सुरुवातीला तिथे पुरे अठरा होल नव्हते, पुढे सिडकोने विस्ताराचं काम हाती घेतलं. पण डोंगर इतका जवळ येऊन उभा राहतो की मला होलांच्या संख्येचं फारसं वाटत नाही. पावसाळ्यात कड्यावरून पाणी कोसळत असतं आणि खाली चेंडू चिखलात रुततो. अशा दिवसांत क्लब बहुधा चेंडू उचलून, पुसून, शेजारी ठेवून मारायची मुभा देतात. नवख्याने ही सवलत आहे का, ते टी-वर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहण्याआधीच विचारून घ्यावं.

मुंबईबाहेर लहान शहरात कोर्स शोधायची एक सोपी खूण आहे: छावणी कुठे होती ते पाहायचं. महाराष्ट्रात गोल्फ पसरलं ते पलटणींच्या आणि साहेबांच्या उन्हाळी मुक्कामांच्या मागोमाग. देवळाली, अहिल्यानगर, कामठी इथली मैदानं लष्कराच्या सांभाळातली आहेत. पुण्याचं येरवड्याचं मैदानही कँटोन्मेंटच्याच काळातलं. नाशिकचं उदाहरण मला फार आवडतं. तिथे वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब होता, त्याच्या स्पर्धांना मुंबईचे साहेब जात. आज त्याच जागी, शहराच्या मधोमध, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. ज्या कान्हेऱ्यांनी 1909 मध्ये कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली, त्यांचं नाव. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक चालायला येतात, आणि रिक्षावाला अजूनही ‘गोल्फ क्लब’ म्हटलं की नेमका तिथे आणून सोडतो.

मैदानांचं झालं. पण चेंबूरचं गोल्फ मला महत्त्वाचं वाटतं ते हिरवळीमुळे नव्हे, कॅडींमुळे.

कॅडी म्हणजे बॅग उचलणारा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. बॅगेत नियमाप्रमाणे जास्तीत जास्त चौदा क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, असतात, त्यांचं ओझं खांद्यावर घेऊन चार तास उन्हातून चालायचं हे खरंच. पण कॅडीचं खरं काम ग्रीनवर दिसतं. ग्रीन म्हणजे होलाभोवतीचं अगदी बारीक कापलेलं गवत. होलाचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा सुमारे 43. सहा-सात फुटांवरून हा चेंडू आत घालणं सोपं वाटतं, आणि तिथेच भलेभले चुकतात. कॅडी चेंडूच्या मागे उकिडवा बसतो. आधी उतार बघतो. मग गवताची लव. गवत एका बाजूला झुकून वाढतं. आपल्याकडून बघताना ते चमकतं, तर ते होलाकडे झुकलेलं असतं आणि चेंडू पळतो. काळसर दिसलं तर ते आपल्या अंगावर झुकलेलं, चेंडू अडतो. मग तो उठतो, होलाच्या उजवीकडे बोटभर अंतरावरची एक जागा दाखवतो आणि म्हणतो, ‘सर, इथं. हलका.’ एवढ्या दोन शब्दांमागे तेच ग्रीन वर्षानुवर्षं, सगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या माणसांच्या चुकांतून बघितल्याचं ज्ञान असतं.

हे ज्ञान विकत घेणारा बहुधा क्लबचा सभासद असतो आणि विकणारा आसपासच्या वस्तीतला. कॅडी हा बहुतेक ठिकाणी क्लबचा नोकर नसतो. कॅडी मास्टरकडे नाव लावायचं, पाळी आली की निघायचं, फेरी संपली की खेळणाऱ्याकडून पैसे. पाऊस लागला, मैदान बंद पडलं की कमाईही बंद. 2020च्या टाळेबंदीत गोल्फ थांबलं तेव्हा या माणसांच्या घरात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि याच माणसांनी चेंबूरच्या गल्ल्यांत आपलं वेगळं गोल्फ उभं केलं. बांधकामावरची सळई घ्यायची, एक टोक वाकवून, ठोकून चपटं करायचं, दुसऱ्या टोकाला रबरी नळीचा तुकडा चढवून मूठ करायची. झाला क्लब. चेंडू प्लास्टिकचा, कारण खरा चेंडू लागला तर पत्रा फुटेल नाहीतर कुणाचं डोकं. मग घरांच्या मधल्या बोळातून, गटाराच्या कडेने, पायऱ्यांवरून, ठरवलेल्या खड्ड्यापर्यंत. जो या बोळात खेळून मोठा झाला त्याच्या मनगटाला जी अचूकता येते ती मैदानातल्या रुंद फेअरवेवर, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीवर, येत नाही. इथे चेंडू डावीकडे फूटभर सरकला तर तो शेजारच्या घरात जातो. भिंतीवरून कोन साधून चेंडू परत आणणं, उंच उचलून अडथळ्यापलीकडे अलगद टाकणं, हे फटके गरजेतून घडले. प्लास्टिकचा चेंडू हलका, तो लांब जात नाही. म्हणजे ताकदीचा उपयोगच नाही, सगळा खेळ हाताच्या जाणिवेचा. पोलंडचे छायाचित्रकार तोमाश गुडझोवाती यांनी हे गल्लीतलं गोल्फ टिपलं आणि ती चित्रं जगभर गेली. 2023 मध्ये सुजय डहाके यांनी ‘स्लम गोल्फ’ नावाची मालिका केली. दोन्हींमुळे लोकांना कौतुक वाटलं. मला मात्र हे कौतुकापुरतं थांबू नये असं फार वाटतं.

कारण या वाटेने माणसं खरोखर वर गेलेली आहेत. दिल्लीच्या क्लबात कॅडींच्या जगातून आलेल्या अली शेर यांनी 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि 1993 मध्ये पुन्हा जिंकली. एस. एस. पी. चौरासिया यांचे वडील रॉयल कलकत्त्यात ग्रीनची निगा राखत. मुलाने तिथेच बघून-बघून खेळ उचलला, 2008 मध्ये इंडियन मास्टर्स आणि 2016, 2017 अशी सलग दोनदा इंडियन ओपन जिंकली. या दोघांना गुण होताच, पण मैदानावर पाय ठेवायला मिळाला हेही तितकंच महत्त्वाचं. सोमवार हा बऱ्याच क्लबांत देखभालीचा वार. सभासदांना मैदान बंद असतं आणि अनेक ठिकाणी त्या दिवशी कॅडींना खेळू देतात. वर्षभरातल्या त्या सोमवारांवर एखाद्याचं आयुष्य फिरू शकतं.

म्हणून पाहुण्याला मी सांगतो: मैदानात फिरायला गोल्फची गाडी घेऊ नकोस, कॅडी घे. त्याने सांगितलेली ओळ मान. पहिल्या तीन होलांत त्याचं ऐकलंस तर चौथ्यापासून तोही मोकळा होतो, बॅगेतला कुठला क्लब तुला झेपत नाही ते सांगायला लागतो. पैसे ठरल्यापेक्षा थोडे जास्त दे आणि त्याला त्याचा स्वतःचा खेळ विचार. चेंबूर-गोवंडीकडचा मुलगा असेल तर गल्लीतल्या खेळाचं बोलणं निघेलच.

खारघरबद्दल माझं एक मागणं आहे. ते मैदान सरकारी महामंडळाच्या जमिनीवर आहे, तिथे कुणा सभासदाच्या हक्काला धक्का लागत नाही. आठवड्यातून एक सकाळ चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या कॅडींसाठी आणि त्यांच्या पोरांसाठी बिनपैशाची ठेवावी, दहा-बारा जुने सेट भाड्याविना द्यावेत, एक शिकवणारा नेमावा. मुलांना गाडी बदलावी लागणार नाही. हार्बर लाइन त्यांच्या दारातूनच जाते.