कुस्तीचा निकाल आणि प्रयोगाचा निकाल

खासबाग मैदानांतील कुस्तीची बातमी आपल्या कोल्हापुरांत कशी वाचतात, हें आपणांस ठाऊकच आहे. 'अमक्यानें मैदान मारलें' एवढ्यावर कोणाचें समाधान होत नाहीं. जोड कोणाशीं होती, कुस्ती किती मिनिटें चालली, निकाल चीतपट लागला कीं गुणांवर, हें कळल्याखेरीज ती बातमी पुरी होत नाहीं. मानसशास्त्रीय प्रयोगांच्या निकालाकडेंहि याच चोखंदळपणानें पाहावें, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. चाळीस मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट केले. एका गटानें शब्दांची यादी सलग एक तास घोकली; दुसऱ्यानें रोज वीस मिनिटें याप्रमाणें तीन दिवस. आठवड्यानंतर परीक्षा घेतली आणि संशोधकानें लिहिलें : 'फरक सार्थ आढळला.' वाचकाच्या पदरांत काय पडलें? फारसें कांहींच नाहीं. त्यानें लिहावयास हवें होतें तें असें : सरासरी १२ व १४ शब्द, प्रमाण विचलन दोहोंकडे ३, 'टी' २.११, स्वातंत्र्यमात्रा ३८, 'पी' ०.०४२, आणि फरकाच्या ९५ टक्के विश्वासाच्या मर्यादा ०.०८ ते ३.९२ शब्द. हे शेवटचे दोन आंकडे डोळे उघडणारे आहेत. विभागून घोकण्याचा लाभ जवळजवळ चार शब्दांचा असूं शकेल, किंवा नाहींसारखाच! 'सार्थ' या एका शब्दानें ही सारी अनिश्चितता झांकली होती.

'पी'चा अर्थहि नीट ध्यानांत ठेवावा. दोन पद्धतींत मुळीं फरकच नसता, तरी केवळ योगायोगानें एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची संभाव्यता शेंकडा सुमारें चार, इतकेंच तो सांगतो. 'आमची उपपत्ति शेंकडा शहाण्णव खरी' असा त्याचा अर्थ नव्हे. पांच टक्क्यांची रूढ मर्यादा रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळें सर्वत्र पसरली. केंब्रिजचे हॅरोल्ड जेफ्रीज यांस ही रीत मान्य नव्हती; पुरावा पाहिल्यावर उपपत्तीच कितपत संभाव्य ठरते तें काढावें, असें त्यांचें मत. त्याच जेफ्रीजांच्या हाताखालीं आपल्या कोल्हापुरांत १९१९ सालीं जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनीं संशोधन केलें आणि पुढें पुणें विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. वाद कसाहि सुटो. आंकडे पूर्ण दिलेले असले म्हणजे दोन्ही पंथांच्या वाचकांस आपापला हिशेब मांडतां येतो.

आणि हिशेब तपासण्याची गरज आहेच. आठ मानसशास्त्रीय नियतकालिकांतील १९८५ ते २०१३ पर्यंतचे निबंध संगणकाकरवीं तपासल्याचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. 'टी'सारख्या आंकड्यांवरून 'पी' पुन्हां काढतां, सुमारें निम्म्या निबंधांत निदान एक तरी विसंगति सांपडली. आठांपैकीं एकांत ती निष्कर्षच फिरवूं शकेल इतकी मोठी होती. त्याआधीं २०१५ सालीं शंभर प्रयोग पुन्हां करून पाहिल्याचें प्रसिद्ध झालें होतें. मूळचे ९७ टक्के निकाल 'सार्थ' होते. दुसऱ्या खेपेस अवघे ३६ टक्के तसे निघाले. हरलेल्या कुस्त्या छापावयाच्याच नाहींत, या संवयीचाहि हा एक परिणाम आहे.

तेव्हां, श्रोतेहो, स्मरणशक्ति वाढविणारी नवी पद्धत सिद्ध झाल्याचें वाचून घरांतील मुलांचें वेळापत्रक बदलण्यापूर्वीं एवढें विचारा : मुलें किती होतीं, फरक किती पडला, त्याच्या मर्यादा कोणत्या, आणि न जमलेले प्रयोग किती?