तरंगाचा आयाम व त्याचे इतर गुणधर्मांशी असलेले नाते : २००४ च्या त्सुनामीच्या संदर्भात

प्रस्तावना :

तरंगाचे वर्णन प्रामुख्याने आयाम, तरंगलांबी, वारंवारता आणि वेग या राशींच्या साहाय्याने केले जाते. माध्यमाचा कण आपल्या मध्यस्थितीपासून एका बाजूस जास्तीत जास्त जितका सरकतो, ते अंतर म्हणजे आयाम होय. उंचवट्याच्या माथ्यापासून खोलगट भागाच्या तळापर्यंतची उंची आयामाच्या दुप्पट असते, हा भेद विद्यार्थी पुष्कळदा विसरतात. त्याहून गंभीर गैरसमज असा की, मोठा तरंग अधिक वेगाने धावतो. तंबोऱ्याची तार जोराने छेडली तर नाद मोठा होतो; सूर मात्र तोच राहतो. वारंवारता उगमावर ठरते, वेग माध्यमावर ठरतो आणि वेगास वारंवारतेने भागले असता तरंगलांबी मिळते. आयामाचे नाते ऊर्जेशी आहे. ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने आयाम तिप्पट झाल्यास ऊर्जा नऊपट होते.

माध्यम वाटेत बदलत गेले, तर आयामाचे काय होते? त्सुनामीच्या अभ्यासात हा प्रश्न जीवनमरणाचा ठरतो.

खोल समुद्रातून किनाऱ्याकडे :

२६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ९.१ क्षमतेचा भूकंप झाला. त्यानंतर सुमारे दोन तासांनी हिंदी महासागरावरून जाणाऱ्या जेसन-१ या उपग्रहाने पाण्याचा उंचवटा नोंदवला, तो सुमारे ६० सेंटिमीटरचा होता. दोन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेणारी लाट खोल समुद्रात एवढीच होती.

त्सुनामीची तरंगलांबी समुद्राच्या खोलीपेक्षा कितीतरी अधिक असते. अशा लाटेचा वेग गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. त्यात आयाम येतच नाही. ४००० मीटर खोलीवर हा वेग सेकंदाला सुमारे १९८ मीटर, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून अधिक भरतो. आवर्तनकाल २० मिनिटांचा मानल्यास तरंगलांबी सुमारे २३७ किलोमीटर येते. इतक्या लांबीवर पसरलेला ६० सेंटिमीटरचा चढउतार होडीतील कोळ्यास जाणवणार तरी कसा? बंदरातील लाट असा अर्थ असलेला ‘त्सुनामी’ हा जपानी शब्द या दृष्टीने अतिशय नेमका आहे.

खोली १० मीटरवर आली की वेग सेकंदाला सुमारे १० मीटर आणि तरंगलांबी सुमारे १२ किलोमीटर उरते. वारंवारता बदलत नाही. पुढचा भाग मंदावतो, मागचा त्याला गाठू लागतो, आणि वाहून येणारी ऊर्जा आखूड जागेत साठते. आयामाचा वर्ग गुणिले वेग हा गुणाकार जवळजवळ कायम राहिला, तर आयाम खोलीच्या चतुर्थमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. यालाच ग्रीनचा नियम म्हणतात. खोली ४०० पटीने घटल्यास आयाम सुमारे साडेचार पट होतो, म्हणजे ६० सेंटिमीटरचे २.७ मीटर. हा अंदाजच म्हणावा लागेल, कारण आयाम खोलीच्या तुलनेत लहान आहे असे येथे गृहीत धरलेले असते. उपसागराचा आकार, तळाचा उतार आणि लाटेचे फुटणे हिशेब पार बदलतात. उगमाजवळच्या आचे प्रांतात तर पाणी काही ठिकाणी ३० मीटरहून अधिक उंचीपर्यंत चढले होते.

यामुळेच इशारा देताना खोल समुद्रातील लहान आयामही गांभीर्याने घ्यावा लागतो. हैदराबाद येथील भारतीय त्सुनामी पूर्वसूचना केंद्र ऑक्टोबर २००७ पासून कार्यरत आहे. समुद्रतळावर ठेवलेली दाबमापक यंत्रे हजारो मीटर पाण्याखालून पातळीतील सुमारे एक सेंटिमीटरचा फरकही टिपतात.