पोहण्याचा तलाव आणि केस : गैरसमज आणि वस्तुस्थिती

तलावातल्या क्लोरीनने केस गळतात आणि पुढे टक्कल पडते, हा समज घराघरांत पक्का रुजलेला आहे. मुलींचे पोहणे कित्येकदा याच भीतीपायी बंद होते, म्हणून तो आधी दूर व्हायला हवा. केसाचे मूळ त्वचेत काही मिलिमीटर खोल असते. तलावात नेहमी असते तेवढे क्लोरीन त्याला धक्का लावत नाही. कंगव्यात अडकलेला केस उजेडात धरून पाहावा. मुळातून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढुरका गोळा दिसतो. गोळा नसलेला आखूड तुकडा हातात आला, तर तो केस गळलेला नसून मधेच तुटलेला असतो. त्याचे मूळ शाबूत असते आणि वाढही चालू असते.

तुटणे मात्र खरे आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांच्यावर स्निग्ध पदार्थाचा पातळ थर असतो. तलावाच्या पाण्यात साधारणपणे लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन ठेवतात. रोजच्या पोहण्यात ते हा थर काढून टाकते आणि केसातल्या केराटिन या प्रथिनाचे गंधकाचे बंध तोडते. मग खवले उचलले जातात, केस एकमेकांत अडकतात, बोटांना राठ लागतात.

काळ्या केसांना काही होत नाही, हेही खरे नाही. जपानमधील अव्वल जलतरणपटूंच्या केसांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांचे काळे केस सोनेरी-तपकिरी झाले होते, कारण खवले झिजल्यावर क्लोरीन आत शिरून मेलानिन हे रंगद्रव्य नष्ट करते. केसांवर येणाऱ्या हिरवट झाकेचा दोष मात्र क्लोरीनचा नव्हे, तांब्याचा. शेवाळ मारण्यासाठी तलावात मोरचूद टाकतात, त्यातले तांबे केसाला चिकटते. पिकलेल्या केसांवर ती झाक चटकन दिसते, काळ्यांवर लपून राहते.

टोपी घातली की केस कोरडे राहतात, अशी अनेकांची समजूत असते. लांब वेणीचा आंबाडा टोपीखाली कोंबलेला असला, तरी कडेने पाणी शिरतेच. टोपीने केसांवरून वाहणारे पाणी आणि घर्षण कमी होते, एवढाच तिचा उपयोग, आणि तो थोडा नाही. सिलिकॉनची टोपी केस ओढत नाही. लायक्राच्या टोपीतून पाणी सरळ आत जाते.

खरी राखण पाण्यात उतरण्यापूर्वीच्या मिनिटात होते. कोरडा केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. ते पाणी आधीच शॉवरखाली साध्या नळाचे पाजले, तर तलावाच्या पाण्याला आत जागा कमी उरते. ही आंघोळ तलावासाठीही गरजेची आहे, कारण तिने अंगावरचा घाम तलावात जाण्याआधीच धुतला जातो. तलावावर येणारा, डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे भरपूर क्लोरीन, हाही गैरसमजच. घाम आणि लघवीतल्या नत्रयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा असतो. नीट राखलेल्या तलावाला तो फारसा येत नाही.

तेलाबाबत घरातल्या जुन्या सवयीला आधार आहे. मुंबईतील मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातल्या प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी झाली, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचे लहान, सरळ रेणू केसाच्या आत शिरतात. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे लक्षात घेऊनही कारणमीमांसा पटण्याजोगी आहे. पण चपचपीत डोक्याने तलावात उतरू नये. तेल पाण्यावर तरंगते, गाळणीत अडकते, म्हणून अनेक तलावांवर त्याला मनाई असते. आदल्या रात्री टोकांकडे हलका हात फिरवला तरी पुरते.

समुद्राच्या पाण्यात क्लोरीन नाही म्हणून ते केसांना निर्धोक, असेही म्हणता येत नाही. त्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. केस वाळला की त्या क्षारांचे खडे त्याचा पृष्ठभाग घासतात, वरून किनाऱ्यावरचे ऊन रंग उडवते. गोव्याच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावरून परतताना गोड्या पाण्याने डोके धुण्याची घाई करावी ती यासाठी.

पोहून झाल्यावर लगेच केस खळखळून धुणे महत्त्वाचे. घरी जाईपर्यंत तसेच राहिले तर क्लोरीनला आणखी वेळ मिळतो. रोज शाम्पू लागतोच असे नाही, कंडिशनर मात्र लावावा. रोज पोहणाऱ्यांना आठवड्यातून एकदा तांबे आणि क्षार पकडून काढणारा, ईडीटीए असलेला शाम्पू उपयोगी पडतो. ओला केस ताणला जाऊन सहज तुटतो, म्हणून टॉवेलने खसाखसा न पुसता पंचात दाबून टिपावा आणि रुंद दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवत जावे.