नाव कळलं, काम दाखवा

सी भाषेतला एखादा मुक्त प्रोग्राम मूळ कोडपासून तयार करायला घेतला, की अनेकदा आधी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालवावी लागते. पडद्यावर भराभर ओळी सरकू लागतात. ती सगळी चौकशी असते: या मशीनवर कम्पायलर आहे का, कुठला आहे आणि तो खरंच चालतो का?

ही पद्धत रुळवली ऑटोकॉन्फने. ग्नू प्रकल्पासाठी डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं, तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स वेगळं होतं. कुठला कम्पायलर वापरायचा हे आपण ‘सीसी’ या व्हेरिएबलमध्ये सांगितलं असेल, तर स्क्रिप्ट तोच घेते. नाहीतर ‘पाथ’मधल्या फोल्डरांत आधी जीसीसी, मग सीसी अशी नावं शोधत जाते.

पण नावावर भिस्त ठेवता येत नाही. मॅकवर ‘जीसीसी’ म्हणून हाक मारली तरी ओ देतो तो क्लँग हा वेगळाच कम्पायलर. जुन्या कोडचं अडू नये म्हणून तो आपण जीसीसी ४.२ असल्याचंही सांगतो! म्हणून स्क्रिप्ट ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाची चिमुकली फाइल लिहिते, कम्पायलरच्या हाती देते आणि तयार झालेला प्रोग्राम चालवून पाहते.

लॅपटॉपवर बसून दुसऱ्याच चिपसाठी कम्पाइल करत असू, तर तो प्रोग्राम लॅपटॉपवर चालणारच नाही. यावर सीमेक या दुसऱ्या बिल्ड-साधनाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्याची चाचणी-फाइल अशी लिहिलेली असते, की कम्पायलरची ओळख अक्षरांच्या रूपात बायनरीत उतरते. सीमेक ती बायनरी चालवत नाही, नुसती वाचतो.

धोका आहे तो नकारात. मशीनवरच्या इतर सोयीही अशाच चाचण्यांनी तपासल्या जातात; चाचणी कम्पाइल झाली नाही, की ती सोयच मशीनवर नाही असं धरलं जातं. एक्सझेड या कम्प्रेशन साधनात लपवलेला चोरदरवाजा आंद्रेस फ्रॉइंड यांनी मार्च २०२४ मध्ये उघडकीला आणला. त्यानंतरच्या छाननीत एक्सझेडच्याच सीमेक-चाचण्यांपैकी एकीत एका ओळीवर एकटंच टिंब सापडलं. लिनक्सचं ‘लँडलॉक’ संरक्षण उपलब्ध आहे का, हे पाहणारी ती चाचणी. टिंबामुळे ती सगळीकडे नापास होई, संरक्षण गळून पडे आणि बिल्ड मात्र विनातक्रार पूर्ण होई.

सुरक्षेशी संबंधित चाचणी नापास झाली, तर स्क्रिप्टने तिथेच थांबून कारण दाखवायला हवं. ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट ते ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये लिहून ठेवते, सीमेकही आपली नोंद ठेवतो. ती उघडून पाहणाऱ्याला कम्पायलर नेमका कुठे अडखळला हे ओळीसकट दिसतं.