घड्याळ घेण्याआधी मनगट मोजा!

वाढदिवसाला काय हवं, असं विचारलं की माझ्या वर्गातली बरीच मुलं एका सुरात ओरडतात, "घड्याळ!" पण घड्याळ घेताना नेमकं बघायचं काय? दिसायला भारी असलं की झालं, असं मलाही वाटायचं. त्यातून झालेली माझी फजिती आधी सांगते.

शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी बाबांसाठी एक मोठं, चकचकीत, स्टीलच्या चेनचं घड्याळ आणलं. बाबांच्या हातावर तेव्हा जुनं 'एचएमटी जनता' होतं, लग्नात सासरहून मिळालेलं. त्याचा पट्टा फाटून त्याला दोऱ्याचे टाके पडले होते. बाबांनी नवं घड्याळ घातलं, "छान आहे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बघते तर नवं घड्याळ कपाटात आणि टाके घातलेलं जनता पुन्हा हातावर! मला इतकं वाईट वाटलं की दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

शेवटी आईच म्हणाली, "अगं, त्यांचं मनगट कधी बघितलंस का?"

खरंच बघितलं नव्हतं. बाबांचं मनगट बारीक. घड्याळाची डबी दोन्ही बाजूंनी बाहेर यायची, चेनमध्ये हाताचे केस ओढले जायचे आणि बादली उचलताना सगळं घसरून पंजावर यायचं. मी दुकानातलं घड्याळ बघितलं होतं, बाबांचा हात नाही. तुमचं तसं होऊ नये, म्हणून हा लेख.

आधी मनगट

एक दोरा घ्या. मनगटाभोवती एकदा गुंडाळा, जिथं टोक भेटेल तिथं पेनानं खूण करा आणि दोरा पट्टीवर ठेवा. झालं तुमचं माप! चौदा सेंटिमीटरपर्यंत असेल तर ३० मिलिमीटरच्या आसपासची डबी पुरे. पंधरा-सोळा असेल तर ३४ ते ३८, आणि त्याहून जास्त असेल तर ४० पर्यंत चालेल. मिलिमीटरचा अंदाज येत नाही? दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. ते मनगटावर ठेवून बघा. बाबांचं जनता साधारण ३५ मिलिमीटरचं, म्हणून तर त्यांच्या हाताला शोभायचं.

आणखी एक खूण. पट्टा जिथं अडकवतात ती डबीची टोकं मनगटाच्या कडेबाहेर डोकावली, तर ते घड्याळ तुमचं नाही. पालकांनो, कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, पण घड्याळ तसं घेऊ नका. डबी आजच्या मापाची घ्या, पट्ट्याला मात्र भोकं जास्त असू द्या.

मग पट्टा

पट्ट्याची रुंदी डबीच्या त्या दोन टोकांमधल्या जागेएवढी हवी. पट्टीनं मोजा, बहुधा १६, १८, २० किंवा २२ मिलिमीटर भरेल. अठराच्या जागी वीसचा पट्टा कोंबला तर तो चुरगळतो आणि सोळाचा बसवला तर डुलत राहतो.

आता पट्टा कशाचा? चामड्याचा दिसतो छान, पण घाम आणि पाणी त्याचे शत्रू. आमच्या साखरखेर्ड्याच्या उन्हाळ्यात खेळणाऱ्या मुलाच्या हातावर तो लवकर कडक होतो, वास मारतो. नायलॉनचा धुता येतो आणि लवकर वाळतो. रबराचा पाण्याला घाबरत नाही, पण आतून धुतला नाही तर पुरळ येतं. स्टीलची चेन टिकते, पण जड असते, आणि दुकानदाराकडून कड्या काढून मापात करून घ्यावी लागते. कुठलाही पट्टा बांधल्यावर खाली एक बोट सरकलं पाहिजे, बरं का!

आणि पैसे?

इथं एक गंमत आहे. सेलवरच्या घड्याळात क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावरून वेळ मोजली जाते. चावीचं जनता सेकंदाला पाचच वेळा टिकटिकतं. म्हणून स्वस्त क्वार्ट्झ घड्याळही महागड्या चावीच्या घड्याळापेक्षा अचूक असू शकतं! जास्तीचे पैसे जातात ते धातू, काच आणि नावाला. कॅसिओचं 'एफ-९१डब्ल्यू' हे प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ १९८९ मध्ये आलं आणि आजही विकलं जातं. वजन जेमतेम २१ ग्रॅम, आणि सेल साधारण सात वर्षं चालतो. मात्र हुबेहूब नकलाही खूप मिळतात, तेव्हा बिल मागा.

घड्याळावर '३० मीटर' लिहिलेलं असलं तरी ते घालून विहिरीत उडी मारू नका. त्याचा अर्थ फक्त हात धुताना उडणारं पाणी चालेल, इतकाच. स्मार्टवॉच हवं असेल तर लक्षात ठेवा, ते वारंवार चार्ज करावं लागतं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये सहसा नेऊ देत नाहीत. काही परीक्षांना तर कुठलंच घड्याळ चालत नाही. सूचना आधी वाचा. लहान भावंडांसाठी मात्र बाराही आकडे ठळक असलेलं काट्यांचंच घड्याळ घ्या. वेळ वाचायला तीच खरी शाळा.

रंग, आकार, डिझाइन? ती सगळी तुमची आवड! पण नंबर शेवटचा.

आणि घरात जुनं घड्याळ पडलं असेल तर नवं घेण्याआधी ते दाखवून आणा. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला मनगटी घड्याळं बनवायला सुरुवात केली. हा घड्याळ-विभाग बंद करायचा निर्णय सरकारनं २०१६ मध्ये घेतला. तरी जुन्या कारागिरांच्या हाताखाली ती घड्याळं अजून टिकटिकतात.

मीही शेवटी तेच केलं. बाबांचं जनता घड्याळवाल्याकडे नेलं, साफ करून घेतलं आणि १८ मिलिमीटरचा साधा तपकिरी पट्टा बसवला. ते मोठं घड्याळ चार कड्या काढून भावाच्या हातावर गेलं. बाबा आता रोज सकाळी सात वाजता चावी देतात.

मग काय, आजच दोरा-पट्टी घ्या आणि घरातल्या सगळ्यांची मनगटं मोजून वहीत लिहून ठेवा. आई-बाबांचं माप मात्र आधी घ्या हं!